एमएस, मोडलेला खुबा आणि डेक्सा: माझी अडीच वर्षं

मला 2009 पासून एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिनचं आवरण असतं. या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या आवरणावर उलटते. माझी सुरुवात उजव्या डोळ्यापासून झाली, नंतर डावा पाय ओढला जायला लागला. आज वय 52, सांगलीत राहतो, एका सहकारी बँकेत नोकरी करतो. इतक्या वर्षांत फाइलमध्ये एमआरआयच्या फिल्मा, रक्ताचे रिपोर्ट, प्रत्येक अटॅकच्या (म्हणजे एमएस अचानक उसळतो त्याच्या) नोंदी असं बरंच साठलं. हाडांबद्दल मात्र एक ओळ नव्हती. जुलै 2023 मध्ये डावा खुबा मोडला आणि हाडांची वेगळी फाइल सुरू झाली. हाडांसाठी नक्की कुणाकडे जायचं, कुठल्या तपासण्या लागतात, विमा काय देतो, हे एका जागी सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून सगळं लिहून ठेवतो आहे. औषधं आणि डोस माझे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

जुलैचा दुसरा आठवडा होता, पाऊस लागून राहिला होता. पहाटे तीनच्या सुमारास लघवीला उठलो. एमएसमध्ये लघवी आली की थांबवता येत नाही, धावावंच लागतं. ज्यांना आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. बाथरूमच्या उंबऱ्याला डाव्या पायाचा चवडा अडकला आणि डाव्या अंगावर पडलो. फार जोरात पडलो असंही नाही. पण उठता येईना, आणि डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, उजव्यापेक्षा आखूड दिसत होता. बायको म्हणाली, “अहो, अजिबात हलू नका,” आणि तिने आधी 108 ला फोन केला. तेच बरोबर होतं. शेजाऱ्यांनी उचलून रिक्षात घालायची तयारी केली होती, तिने ती थांबवली. ॲम्ब्युलन्स आली, त्यांनी स्ट्रेचरवर घेतलं आणि मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. एक्स-रेत मांडीचं हाड खुब्याच्या खाली मोडलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून आत रॉड घालायचा ठरला. प्रॉक्सिमल फिमोरल नेल म्हणतात त्याला, कागदांवर सगळीकडे पीएफएन लिहिलेलं असतं.

ऑपरेशनच्या आधीच्या त्या रात्रीबद्दल दोन गोष्टी नीट सांगतो, कारण हाडांच्या वॉर्डात एमएसचा पेशंट रोज येत नाही.

पहिली बॅक्लोफेनची. स्नायूंच्या ताठरपणासाठी मी ही गोळी दिवसातून तीनदा घेतो. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवतात तेव्हा पुष्कळदा सगळ्याच गोळ्या बंद होतात. बॅक्लोफेन अशी एकदम तोडली तर ताठरपणा उसळून येतो, झटके किंवा भ्रमही होऊ शकतो. बायकोने ड्युटीवरच्या डॉक्टरांना हे सांगितलं आणि न्यूरोलॉजिस्टचा नंबर दिला. शेवटी घोटभर पाण्याबरोबर गोळी चालू ठेवायची परवानगी मिळाली. तुमच्या रोजच्या औषधांची यादी, डोससकट, पाकिटात ठेवा. घाईत कुणाला काही आठवत नाही.

दुसरी भुलीची. कमरेतून दिल्या जाणाऱ्या भुलीबद्दल एमएसमध्ये डॉक्टरांची मतं पूर्वीपासून वेगवेगळी आहेत. आमच्या भूलतज्ज्ञ बाई रात्री स्वतः खाटेपाशी येऊन बसल्या, आजार कधीपासून, शेवटचा अटॅक कधी, गिळायला त्रास होतो का, सगळं विचारलं. न्यूरोलॉजिस्टशी बोलून पूर्ण भूल द्यायचं ठरवलं, आणि नंतर अंगाचं तापमान वाढू द्यायचं नाही असं नर्सच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. एमएससाठी मी दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब घेतो. ते प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून पुढचा डोस टाके भरून येईपर्यंत पुढे ढकलला.

एकूण बिल एक लाख साठ हजारांच्या घरात गेलं. बँकेचा ग्रुप विमा आहे, कॅशलेस मागितलं. विमा कंपनीच्या मध्यस्थांकडून प्रश्न आला: पडण्याचं कारण एमएस आहे का, आणि एमएस पहिल्यांदा कधी निदान झाला त्याचा कागद द्या. ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले होते, तरी उत्तर जाईपर्यंत मंजुरी अडली. ऑर्थोपेडिक सर्जननी एक पत्र दिलं, त्यात घरात पडून हाड मोडल्याचं आणि ऑपरेशन का गरजेचं आहे ते लिहिलं. सोबत 2009 चा निदानाचा कागद जोडला, मग मंजूर झालं. डिस्चार्जच्या वेळी रॉडच्या पाकिटावरचं स्टिकर आणि रॉडचं वेगळं बिल मागून घ्या. त्याशिवाय इम्प्लांटची रक्कम कापतात. ज्यांची वैयक्तिक पॉलिसी आहे त्यांनी हेही लक्षात ठेवा की एप्रिल 2024 पासूनच्या नियमांत जुन्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे.

घरी आल्यावरचे आठवडे ऑपरेशनपेक्षा अवघड गेले. सर्जन म्हणाले, “रॉड पक्का बसलाय, वॉकर घेऊन झेपेल तेवढा भार टाका.” ज्याचा दुसरा पाय धडधाकट आहे त्याला हे जमतं. माझा मोडलेला पाय तोच, जो एमएसने आधीच लुळा केलेला, आणि उजवा पाय चार पावलांत थकून थरथरणारा. रात्री डाव्या मांडीत गोळा आला की रॉडच्या जागी कळ जायची. फिजिओथेरपिस्ट ताई घरी यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त खाटेच्या कडेला बसवलं आणि म्हणाल्या, “काका, आज इतकंच. थकायच्या आधी थांबायचं.” हाडवाल्या पेशंटला जोर लावायला सांगतात, एमएसवाल्याला ताकद राखून वापरायला सांगतात, दोन्हीची सांगड त्यांनी घातली. व्यायाम सकाळी लवकर, पंख्याखाली, थोडा थोडा. सप्टेंबर संपेपर्यंत वॉकरने स्वयंपाकघरापर्यंत जायला लागलो.

डिस्चार्ज कार्डावर हाडांच्या नावाने फक्त एक कॅल्शियमची गोळी लिहिलेली होती. उभ्या उंचीवरून साधं पडून खुबा मोडतो तेव्हा हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं, आणि तो खुबा हाच ऑस्टिओपोरोसिसवर उपचार करण्याचा पुरेसा आधार असतो. हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं, न्यूरोलॉजिस्टकडे गेल्यावर. त्यांनी वॉकर पाहिला, डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि विचारलं, “हाडांची घनता तपासली का?” सर्जनना वाटलं ते न्यूरोचं काम, न्यूरोकडे मी पोचलो तीन महिन्यांनी. पुरुष असल्यामुळे घरातही कुणाच्या मनात हाडं ठिसूळ असल्याचं आलं नव्हतं. आई आणि मावशी कॅल्शियम घेतात, पन्नाशीतला मुलगा कशाला घेईल, अशीच सगळ्यांची समजूत.

न्यूरोलॉजिस्टनी त्या दिवशी कारणं एकेक करून सांगितली. पाय कमी वापरला की हाडावर भार पडत नाही आणि हाड विरळ होतं, त्यातही दुबळ्या बाजूचं जास्त. अटॅकच्या वेळी सलाइनमधून मिळणारं मिथाइलप्रेडनिसोलोन: थोड्या दिवसांचे कोर्स रोजच्या स्टिरॉइड गोळ्यांइतके हाडं खात नाहीत, पण वर्षानुवर्षांचा हिशेब धरायचाच. चेहऱ्याच्या नसेच्या कळांसाठी मी काही काळ कार्बामॅझेपिन घेतलं होतं, ते शरीरातलं व्हिटॅमिन डी लवकर संपवतं. बॅक्लोफेनने झोप आणि चक्कर. आणि सगळ्यात वर, तोल जाऊन पडणं. ब्रिटनमधल्या पेशंटांच्या नोंदींवरून 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एमएस असलेल्यांत खुबा मोडण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ तिप्पट निघाला होता. आधीच्या सहा महिन्यांत स्टिरॉइड किंवा नैराश्यावरची औषधं घेतलेल्यांत हाडं मोडण्याचा धोका आणखी जास्त होता. हे ऐकून मला राग आला, इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही म्हणून. पण निदान पुढे काय करायचं ते समोर आलं. त्यांनी एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी दिली. हार्मोनचे हे डॉक्टर हाडांची औषधं सर्वात बारकाईने बघतात, असा माझा अनुभव आहे.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, सोपी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही, धातूची बटणं, चेन, पट्टा नसलेले कपडे घालायचे. मी नाडीचा लेंगा घालून गेलो. सपाट टेबलावर झोपवतात, पायांखाली ठोकळा देऊन कमरेचे मणके बघतात, मग पाऊल आत वळवून पट्ट्याने धरतात आणि खुबा बघतात. वरून एक दांडा हळूहळू सरकत जातो. किरण एक्स-रेपेक्षाही अगदी कमी. अडचण झाली ती दोन ठिकाणी. एक, टेबल उंच होतं आणि चढायला पायरी एकच. बायको आणि टेक्निशियननी मिळून चढवलं. अपॉइंटमेंट घेतानाच वॉकर आहे, मदत लागेल असं सांगून ठेवा. दुसरं, टेक्निशियनने सवयीने डावा खुबा लावायला घेतला. रॉड असलेल्या बाजूचं माप खरं येत नाही, म्हणून उजवा घ्यायला सांगितला. मणके आणि उजवा खुबा अशी मापं झाली. पाऊल आत वळवून ठेवताना पोटरीत गोळा आला, तेव्हा त्यांनी थांबून पुन्हा घेतलं. बावीसशे रुपये लागले.

रिपोर्टमध्ये टी-स्कोअर असतो, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे हाड विरळ होऊ लागलंय, उणे अडीच किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. हे आकडे पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांना आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना लागू. तुम्ही तरुण असाल तर झेड-स्कोअर बघतात, तो उणे दोन किंवा कमी असेल तर वयाच्या मानाने हाड कमी. एमएस बहुतेकांना तरुण वयातच होतो, म्हणून रिपोर्टवरचा मोठ्या अक्षरातला शिक्का वाचून खचू नका, कुठला स्कोअर धरायचा ते विचारा. माझे मणके उणे 2.1, उजव्या खुब्याची मान उणे 2.8. म्हणजे माझी चांगली बाजूसुद्धा.

एंडोक्रायनॉलॉजिस्टनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या: व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन, आणि पुरुष म्हणून टेस्टोस्टेरॉन. मिळून साडेचार हजारांच्या आसपास. बाकी ठीक होतं, व्हिटॅमिन डी 9 आलं. 20 च्या खाली म्हणजे कमतरता धरतात. फ्रॅक्स नावाचं एक गणित आहे, त्यात माहिती भरली की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडायची शक्यता निघते. डॉक्टरांनी ते उघडून दाखवलं. त्यात एमएससाठी रकानाच नाही, आणि स्टिरॉइडचा रकाना महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांना धरून केलेला. म्हणून एमएसवाल्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, असं ते म्हणाले.

साठ हजार युनिटची व्हिटॅमिन डी कॅप्सूल आठवड्यातून एक, आठ आठवडे, नंतर महिन्याला एक. ही जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घ्यायची, तेलातुपाशिवाय नीट शोषली जात नाही. आठवड्याची गोळी आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी रोज घेतली होती आणि कॅल्शियम वाढून त्यांना ॲडमिट करावं लागलं होतं. म्हणून त्या आठ आठवड्यांत आम्ही कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी खूण करायचो. उन्हाचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. एमएसमध्ये ऊन सोसत नाही. अंग तापलं की नजर धूसर होते, पाय जड होतात. याला उथॉफची लक्षणं म्हणतात. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं उन्हापासून पळतो आणि डी घसरतं. मी आता थंडीच्या दिवसांत अकराच्या सुमारास गच्चीत बाही वर करून बसतो, मानेला ओला नॅपकिन. मार्च लागला की ते बंद, मग कॅप्सूलवरच भिस्त. जेवणात नाचणी वाढवली (100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं), जोडीला तीळ, ताक आणि दूध.

औषधासाठी दोन पर्याय होते. आठवड्याला एक ॲलेन्ड्रोनेटची गोळी, पण ती उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं, अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. मला अधूनमधून गिळताना अडतं. म्हणून वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिड, 5 मिलिग्रॅम, ठरलं. खुबा मोडलेल्यांवर या औषधाची मोठी चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2007 मध्ये आले, आणि त्यात नवीन फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी कमी झाली होती. आधी व्हिटॅमिन डी भरून काढायचं, किडनी तपासायची, आणि दाताच्या डॉक्टरांकडे जायचं, कारण क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होते आणि औषध चालू असताना दात काढणं टाळलेलं बरं. माझी एक दाढ किडलेली निघाली, ती काढून जागा भरून येईपर्यंत थांबलो. तोवर डिसेंबर उलटला.

जानेवारी 2024 मध्ये इंजेक्शन घेतलं. बाटली मेडिकलमधून स्वतः आणायची होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत खूप फरक आहे, मला साडेतीन हजारांना मिळाली. लेबलवर 5 मिलिग्रॅम, 100 मिली असं वाचून घ्या. 4 मिलिग्रॅमची बाटली कॅन्सरच्या पेशंटांसाठी असते. सकाळपासून भरपूर पाणी प्यायलो, अर्ध्या तासात सलाइन संपलं, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरली. ताप 101.5 वर गेला, हाडं न्‌ हाडं ठणकायला लागली. ताप येतो हे सांगितलं होतं, पण माझ्या बाबतीत तापाने एमएसची जुनी सगळी लक्षणं वर काढली. डावा पाय पलंगावरून उचलेना, उजव्या डोळ्यासमोर धुकं, बोलणं अडखळलं. बायको घाबरून न्यूरोलॉजिस्टच्या असिस्टंटना फोन करत होती. ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, आधी ताप उतरवा. नवीन अटॅक म्हणायला ताप किंवा इन्फेक्शन नसताना चोवीस तासांहून जास्त लक्षणं राहायला हवीत.” दर सहा तासांनी पॅरासिटामॉल, कपाळावर आणि काखेत ओली फडकी, पंखा. तिसऱ्या दिवशी सकाळी पाय पुन्हा होता तसा हलायला लागला. हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र इतकी भीतीत गेली नसती, म्हणून ठळक सांगतो: झोलेड्रोनिक ॲसिडनंतरचा ताप एमएसची लक्षणं तात्पुरती वाढवतो. पुढच्या वर्षी डॉक्टरांना विचारून इंजेक्शनच्या दिवसापासूनच पॅरासिटामॉल सुरू केलं, शनिवार निवडला, युरिन पॉट पलंगाशी ठेवला. ताप आला, पण बेताचा. दुसऱ्या डोसला तो बहुतेकांना कमीच येतो.

इंजेक्शनचे पैसे विम्याने नाकारले, चोवीस तास ॲडमिट नाही आणि त्यांच्या डे-केअर यादीत हे नाही म्हणून. डेक्साही नाही मिळाली. आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांतला संबंधित खर्च मिळतो, माझी डेक्सा त्यानंतरची. तुमचं फ्रॅक्चर झालं तर तपासण्या त्या मुदतीत उरका. त्याच दरम्यान यूडीआयडी कार्डसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठीही अर्ज केला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. खिडकीवरच्या माणसाने “हाड मोडलंय ना, ते बरं होईल” म्हणून परत पाठवू नये यासाठी अर्जात फ्रॅक्चर मागे आणि एमएस पुढे ठेवा. न्यूरोलॉजिस्टचं पत्र, एमआरआयचे रिपोर्ट, आधार, फोटो. वैद्यकीय मंडळाची तारीख यायला वेळ लागला, पण कार्ड आलं आणि त्याच्या आधारावर बँकेने तळमजल्यावरची शाखा दिली. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून काम करते. कागदपत्रांची शंका असेल तर तिथल्या आधीच्या पेशंटांशी बोललेलं सर्वात उपयोगी पडतं.

औषध हाड भरतं, पडणं थांबवत नाही. त्यावर खर्च फार आला नाही, लक्ष मात्र द्यावं लागलं. बाथरूमचा उंबरा फोडून उतार केला. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत स्टीलचे दांडे बसवले, गवंड्याला विटेत पक्के रोवायला सांगितले. टाइलवर चिकटवायचे घेऊ नका, अंगाचं वजन पडलं की निघून येतात. गुळगुळीत फरशीवर खडबडीत टाइल, रात्रभर छोटा दिवा. चवडा खाली लोंबतो म्हणून पावलाला प्लास्टिकचा एएफओ (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा आधार), तो मापाने करून घेतला. लघवीच्या घाईसाठी न्यूरोलॉजिस्टनी औषध दिलं, आणि रात्रीच्या गोळ्यांची वेळ बदलली. मला वाटतं पडणं सर्वात जास्त कमी झालं ते याने. फिजिओ ताई दर काही महिन्यांनी खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायचा वेळ मोजतात. तो वाढला की व्यायाम बदलतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये दुसरी डेक्सा झाली, मुद्दाम त्याच सेंटरवर, कारण वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. मणके उणे 1.7, उजव्या खुब्याची मान उणे 2.6. व्हिटॅमिन डी 34. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत तिसरा डोस घेऊ, मग थांबून बघू. दरम्यान आमच्या न्यूरोलॉजिस्टची नवी पेशंट, जेमतेम तिशीची मुलगी, वेटिंगमध्ये शेजारी बसली होती. एका वर्षात तिचे स्टिरॉइडचे बरेच कोर्स झालेले. तिला मी व्हिटॅमिन डीची पातळी आणि झेड-स्कोअर हे दोन शब्द कागदावर लिहून दिले, आत जाऊन विचार म्हणालो. तिला तपासणी लिहून मिळाली.